तीनच्या रकान्यातली सही

४ मार्च, सोमवार

नवी नोकरी लागली. बावीस वर्षं इस्पितळाच्या फरश्या पुसल्या. तिथे काय काय पुसावं लागायचं ते या कोऱ्या वहीत लिहीत नाही, पहिल्याच दिवशी बिचारीला मळमळायला नको. इथे फार तर फार सूप सांडेल. बारा टेबलं, अठ्ठेचाळीस खुर्च्या, रस्त्याच्या बाजूला छतापर्यंत काच आणि मागे स्वयंपाकघर, एवढंच हॉटेल. सकाळी सातला उघडतं, दुपारी साडेतीनला बंद. रात्रीचं जेवण इथे नसतं हे ऐकलं आणि मी मनातल्या मनात मालकीणबाईंच्या पाया पडले.

पण खरी मजा पुढेच आहे. अण्णांना सोबत आणायची परवानगी मिळाली. वडील एकोणऐंशी वर्षांचे आहेत, डोकं तीन वर्षांपासून ठिकाणावर नाही, घरी एकटे ठेवले तर गॅस उघडतात, असं मी सगळं खरं खरं सांगून टाकलं आणि नकाराची वाट बघत उभी राहिले. बाई म्हणाल्या, बेसिनजवळच्या अकरा नंबरवर तसंही कोणी बसत नाही, खांब मध्ये येतो, तिथे बसू देत. मला रडूच आलं असतं, पण पहिल्या दिवशी शोभलं नसतं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, दूरच्या शहरात असतो आणि अण्णांना फोनवरून सांभाळतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, बरं झालं, अण्णांना माणसांत बसायला मिळेल. जसं काही त्यानेच जागा बघून दिली.

५ मार्च, मंगळवार

टेबल पुसायचं म्हणजे हात फिरवायचा, असं लोकांना वाटतं. पलीकडच्या कडेपासून आपल्याकडे पुसत आणायचं, कण तळहातावर झेलायचे, गिऱ्हाइकाच्या मांडीवर लोटायचे नाहीत. आधी ओलं फडकं, मग कोरडं. मिठाची डबी उचलून तिच्याखाली पुसायचं. आणि टेबलाच्या कडेखाली बोटं फिरवायची, कारण चांगल्या घरची माणसं चघळलेलं सगळं तिथेच चिकटवतात. मेनूकार्डं रोज पुसायची, नाहीतर हाताला चिकटतात.

बेसिनशेजारच्या भिंतीवर तक्ता आहे. आडव्या ओळीत बारा टेबलं, बेसिन, दाराची काच, फरशी. उभे रकाने रोजचे चार, आठ, दहा, बारा आणि तीनचे. जी वस्तू ज्या वेळी साफ झाली त्या चौकटीत सही करायची. आठवड्याचा एक कागद. मालकीणबाई बाकी साध्या आहेत, पण तक्त्याच्या बाबतीत भलत्याच कडक. रोज दुपारी चष्मा लावून एकेक चौकट बघतात. टेबल मात्र बघत नाहीत.

८ मार्च, शुक्रवार

बस्तान बसलं. आचारी बडबड्या आहे, स्वतःच्याच स्वयंपाकाला नावं ठेवतो आणि दुसऱ्याने ठेवली की आठवडाभर रुसतो. अण्णांना तो साहेब म्हणतो. अण्णा जन्मभर बसकंडक्टर होते, त्यामुळे साहेब म्हटल्यावर ताठ बसतात आणि सूप कमी सांडतात.

चार नंबरवर रोज नवाला एक म्हातारे येतात. मी त्यांचं नाव पेपरवाले काका ठेवलंय. एका चहावर दोन तास, आणि पेपर असा वाचतात की जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत. टेबल पुसायला गेलं की कोपर उचलतात, पण मान नाही. आज मात्र वर बघून म्हणाले, बाई, तुम्ही पुसलेल्या टेबलावर पेपर सरकतो, आधी चिकटायचा. बावीस वर्षांत कामाबद्दल मिळालेली ही पहिली शाबासकी. त्यांना सकाळी सकाळी शिव्या घातल्या होत्या त्या परत घेतल्या.

१२ मार्च, मंगळवार

आज चोरी केली. अण्णांनी सकाळी विजार घालायला तासभर लावला. एक पाय आत, मग कुठे जायचंय, कशाला जायचंय, मग पाय बाहेर. मला ते बाई म्हणतात. आपली मुलगी येईपर्यंत थांबू या, असं मलाच सांगतात. पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. मग आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चोरी केली. अण्णा दिवसभर सांडतात ते अकरा नंबर तेवढं सोडून आठपासून तीनपर्यंतच्या सगळ्या सह्या एका दमात ठोकून दिल्या आणि टेबलं जमतील तशी पुसू म्हटलं.

दहाच्या वेळी अण्णांना मोरीत न्यावं लागलं. सव्वादहाला धावत बाहेर आले तर सगळी टेबलं लख्ख. मिठाच्या डबीखालीसुद्धा. आचाऱ्याचे आभार मानायला गेले तर तो म्हणाला, नाक कापून देईन पण फडकं हातात धरणार नाही. बाराला तेच झालं आणि तीनला तेच. जो कोणी हे करतोय त्याला कडेखाली बोट फिरवायचं माहीत आहे.

१४ मार्च, गुरुवार

काल आणि आजही अकरा नंबर सोडून मुद्दाम आगाऊ सही करून बसून राहिले. आज दहाला सात नंबरवर डोळे लावले होते. कपाचा गोल डाग होता आणि पावाचा चुरा. घड्याळात दहा वाजले आणि डाग कडेकडेने आटत गेला, तव्यावरचं पाणी आटतं तसा. चुरा होता तिथे नुसतं लाकूड राहिलं. आवाज नाही, वास नाही.

घाबरायला हवं होतं, मला कळतं. पण चाळिशी उलटल्यापासून गुडघे दुखतायत आणि गेल्या तीन वर्षांत कोणी माझा एक कपसुद्धा विसळलेला नाही. कोणीतरी आपलं काम करतंय म्हटल्यावर मी त्याचं नाव-गाव विचारायला गेले नाही. अण्णांना भरवायला निवांत वेळ मिळाला. त्यांची नखं कापली. आम्ही दोघं असे शांत कधी बसलो होतो ते आठवेना.

१५ मार्च, शुक्रवार

दोन नंबरवरच्या बाई चष्मा विसरून गेल्या होत्या. अर्ध्या तासाने परत आल्या तर चष्मा नाही. दहाची सफाई मध्येच होऊन गेली होती. मालकीणबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी न विचारता ॲप्रनचे खिसे उलटे करून दाखवले. चष्म्याचं घर त्या बाईंच्या पर्समध्ये होतं. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या की मला चष्मा लागतच नाही, हे माझ्याकडे कुठून आलं. आणि गेल्या. दाराच्या काचेवर आपटल्या आधी.

१८ मार्च, सोमवार

सकाळी पेपर टाकणारा आजही दोन पेपर टाकून गेला. मालकीणबाई चिडल्या, दोन कशाला, आपल्याकडे पेपर वाचतो कोण. तो म्हणाला, तुम्हीच सांगितलं होतं, एक गिऱ्हाइकासाठी म्हणून. बाई म्हणाल्या, कुठल्या.

मला काहीच वाटलं नाही. दुपारी सहज वही चाळली. ८ तारखेला मी कोणा पेपरवाल्या काकांबद्दल लिहिलंय. चार नंबर, एक चहा, दोन तास, मला शाबासकी दिली.

अक्षर माझं. टोमणाही माझाच. माणूस आठवत नाही. डोळे मिटून चार नंबर समोर आणला, तिथे रिकामी खुर्ची दिसते. नवाला कोण येतं, अकराला कोण जातं, काही नाही. आचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, चार नंबर सकाळी रिकामंच असतं, पहिल्या दिवसापासून.

तो माणूस दहा वाजता टेबलावर बसलेला होता आणि मी आगाऊ सही केली होती. एवढंच झालं असणार. गेल्या आठवड्यात कधीतरी. असे आणखी किती, कोण जाणे.

त्यांना घरी कोण होतं? आणि असलं तरी त्यांना आता काय आठवणार.

१९ मार्च, मंगळवार

आगाऊ सही बंद. प्रत्येक टेबल हाताने पुसते, मग चौकट भरते. वही आता ॲप्रनच्या खिशात असते.

फडकी ठेवायच्या कपाटात खाली जुने तक्ते सापडले, दोन वीत उंच गठ्ठा. सगळ्यांवर एकच सही, आणि प्रत्येक दिवसाच्या सगळ्या सह्या एकाच दमात ओढलेल्या. मला ओळखू येतं, मीही तशाच ओढल्या. शेवटचा तक्ता बुधवारच्या सह्यांवर संपतो. पुढे सगळं कोरं. मालकीणबाईंना विचारलं, माझ्या आधी इथे सफाईला कोण होतं. म्हणाल्या, कोणीच नाही, तूच पहिली. हॉटेल उघडून आठ वर्षं झाली, मग इतकी वर्षं टेबलं कोणी पुसली, असं विचारलं तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि खरंच विचार करायला लागल्या. मलाच त्यांची दया आली आणि मी विषय बदलला.

ही नोकरी सोडून द्यायला हवी. पण अण्णांना बसू देणारी दुसरी जागा कुठे आहे? गेल्या तीन वर्षांत सात जागी विचारलं होतं.

२० मार्च, बुधवार

आज अण्णांनी भर गर्दीत खुर्चीतच केलं.

साडेबाराची वेळ, सगळी टेबलं भरलेली. आधी वास पसरला, मग लोकांनी नाकं धरली. मी त्यांना उठवायला गेले तर ओरडले, ही बाई माझे पैसे चोरते, हिला बसमधून उतरवा. पुन्हा पुन्हा तेच. एक जण हसला. मग चारजण हसले. मी गुडघ्यावर बसून ते सगळं पुसलं आणि वरून अण्णांनी माझ्या डोक्यात चमचा मारला. मालकीणबाई बाजूला घेऊन म्हणाल्या, माझा नाइलाज आहे, अजून एकदा असं झालं तर तुमची सोय तुम्ही बघा.

घरी नेऊन आंघोळ घातली, तासभर शेजारणीकडे बसवलं, परत आले. दादाला फोन लावला. त्याला म्हटलं, पंधरा दिवस ने त्यांना, फक्त पंधरा दिवस, मला झोपायचंय. तो म्हणाला, माझ्याकडे पाहुणे आहेत, आणि खरं तर अण्णांना तुझी सवय आहे, आणि तू मुळातच सोशिक आहेस. मग म्हणाला, त्यांना दुपारी ताक देत जा.

तीन वाजून गेले होते. हॉलमध्ये कोणी नव्हतं. मी तक्त्यापुढे गेले आणि अकरा नंबरच्या ओळीत शुक्रवारच्या तीनच्या रकान्यात सही केली.

उद्याच्या रकान्यात करायची हिंमत झाली नाही.

२१ मार्च, गुरुवार

सही करताना भान नव्हतं असं आज लिहिणार होते. पण ही वही मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. मला पूर्ण भान होतं. मी हिशोबही केला होता, की मला आठवणारच नाही, म्हणजे दुःखही होणार नाही. चांगली पूर्ण लांबीची सही केली.

सकाळी ॲप्रन बांधताना हात मागे पोचेना. अण्णा मागून आले आणि त्यांनी नाड्या बांधल्या. दोनदा गाठ, वर फूल. आई गेल्यावर माझ्या शाळेच्या फ्रॉकचा पट्टा ते असाच बांधायचे, पहाटेच्या ड्यूटीला जायच्या आधी. मी आठ वर्षांची होते. दादा तेव्हा मामाकडे होता, मी अण्णांकडे. मला एकटीला घेऊन ते पहिल्या बसला जायचे आणि कंडक्टरच्या सीटवर बसवून ठेवायचे. कोणी कुरकुर केली तर म्हणायचे, हिला घरी ठेवायला कोणी नाही.

गाठ बांधून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, बाई, माझी मुलगी आली का.

हॉटेलात गेल्या गेल्या सही खोडली. सही खोडली गेली नाही, वर मारलेली रेघच आपोआप आटून गेली. मग तक्ता फाडला. तुकडे चुलीत टाकले. आचारी बघत राहिला. मालकीणबाई काय बोलतील ते बोलोत. कामावरून काढतील, तर काढू देत. अकरा नंबर उचलून मागच्या बोळात नेऊन ठेवलं, माझ्या कमरेची वाट लागली.

२२ मार्च, शुक्रवार, सकाळ

तक्ता भिंतीवर आहे. सह्यांसकट. टेबल जागेवर.

अण्णांना आणलेलं नाही. घरी ठेवलं, गॅस मागून बंद केला, बाहेरून कुलूप. किल्ली शेजारणीकडे. तिला म्हटलं, काही झालं तरी साडेतीनपर्यंत दार उघडू नका. तिने मान डोलावली. मग विचारलं, आत कोण आहे?

म्हटलं, अण्णा. माझे वडील. काल तुम्ही त्यांना केळं दिलंत.

ती हसली. म्हणाली, गंमत करता का, तुम्ही तर एकट्याच राहता.

दादाला फोन केला. अण्णा म्हटल्यावर त्याने विचारलं, कोण अण्णा. मग म्हणाला, आई गेल्यावर आपण दोघंही मामाकडेच वाढलो ना —

म्हणजे आधीच सुरू झालंय. आधी बाकीचे विसरतात. मी शेवटची —

दीड वाजता

ते अकरा नंबरवर बसलेत.

शेजारणीला फोन केला. कुलूप जागेवर आहे, किल्ली तिच्याकडे आहे. घरचेच कपडे, पायात चप्पल नाही. कधी आले कोणी पाहिलं नाही. हात धरून ओढलं. उठत नाहीत. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरलीय. सत्तर किलोचा माणूस, मी एकटी किती —

आचाऱ्याला हाक मारली. म्हटलं, साहेबांना उचल. तो आला, उभा राहिला, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, मावशी, खुर्चीशी काय झटापट करताय?

मालकीणबाई म्हणाल्या, हिला घरी पाठवा, बरं नाही हिला. मी फडकं उगारलं. आता जवळ कोणी येत नाही.

अडीच

ठरलं. मीही इथेच बसते. त्यांच्यासमोर, अकरा नंबरवर. न्यायचंच असेल तर दोघांना ने. वही मांडीवर घेतलीय. डाव्या हातात त्यांचा हात. विसरले नाही तर तेही जाणार नाहीत, असं काहीतरी — माहीत नाही. लिहीत राहायचं.

अण्णा. माझे वडील. बसकंडक्टर, बत्तीस वर्षं. उजव्या अंगठ्याला तिकिटं फाडून घट्टा पडलाय, आत्ता माझ्या बोटाला लागतोय. डाव्या कानामागे तीळ. मला गोवर झाला तेव्हा अकरा रात्री जागले. हसताना तोंडावर हात धरतात, पुढचा दात पडलाय म्हणून. मी दहावीला नापास झाले तेव्हा म्हणाले, चल, शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन येऊ. गेलो. काही बोलले नाहीत. परत आलो.

मी सही केली. मी केली. अण्णा, चुकले.

त्यांनी बशीतला पाव मोडला. अर्धा माझ्या हातात दिला. म्हणाले, बाई, हा माझ्या मुलीला द्या. कामाला असते. दमते हो ती.

अण्णा, मीच ती. मीच —

पावणेतीन

तीळ उजव्या कानामागे. डाव्या. बस — बसमध्ये होते, काहीतरी. गोवर मला झाला होता. रात्री कोणीतरी —

हात आहे अजून. गरम आहे. सोडायचा नाही. कोणाचा का असेना, सोडायचा नाही —

तीनला पाच मिनिटं

घट्टा. अंगठ्याला घट्टा. लिहून ठेवते. घट्टा.

अण्

तीनला दोन मिनिटं

गिऱ्हाइकासारखी मी काय बसलेय इथे. वेळ काय, मी काय करतेय. फरशी अजून व्हायचीय.

डाव्या हातात अर्धा पाव, दाबून पार चिखल झालेला. कोणाचा उष्टा, कोण जाणे. लोक खातात आणि टाकून जातात, त्यांच्यामागे कोणीतरी आहेच उचलायला. आज कशाने तरी डोळ्यांतून पाणी थांबत नाहीये, फिनेल जास्त झालं असेल. पाव केरात टाकते, अकरा नंबर पुसून घेते आणि